भिंत पडली नाय

माझं नाव विमल. माहेर कुडाळच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या अगदी पायाशी, एवढं पायाशी की परसदारी उभं राहून हात लांब केला तर डोंगराचं अंग हाताला लागायचं. बाप विहिरी खणायचा. खणायला चार-पाच जणांची टोळी होती, पण विहीर कुठे पाडायची ते माझा बाप सांगायचा. हातात नारळ घेऊन फिरणं वगैरे काय नाय, नुसता दोन दिवस त्या जमिनीवर हिंडायचा, उंबर कुठे आहे, चैत्रात पण गवत कुठे हिरवं आहे, ते बघायचा. मला पोरीला बोलायचा, चेडवा, दिसता तो पावस थोडो, आत चलता तो खरो. जांभ्यातून पाणी खाली जाता, खाली चिकण माती लागली की अडता आणि मगे आडवा चलता, ता खंय बाहेर येता ता बघूचा आणि मगेच घर बांधूचा. म्हणजे पाणी कुठे निघतं ते आधी बघायचं, घर मग. मी आठ-नऊ वर्षांची, मला काय कळतंय, मी हो हो करायची आणि काजू वेचायला पळायची.

लग्न होऊन आली ती नायगावला, बीडीडी चाळीत. सासरे गिरणीत होते लालबागला, गिरणी बंद झाली तशी घरात माणसं सगळी आणि काम कोणालाच नाय अशी गत. एका खोलीत आम्ही अकरा जणं. आमचे हे म्हणजे यशवंत, सगळ्यात धाकटे, ते गिरणीत कधी गेलेच नाय, गवंडीकाम शिकले परळच्या एका मिस्त्रीच्या हाताखाली. हात असा होता त्यांचा, काय सांगू तुम्हाला, ओळंबा लावायच्या आधी नजरेने सांगायचे भिंत कुठे कलली ते, आणि ओळंबा लावला की तेच निघायचं. मी त्यांच्याबरोबर बिगारी म्हणून जायची. माल कालवायचा, घमेली द्यायची, विटा भिजवायच्या. लोकांना वाटतं बिगारी म्हणजे नुसतं ओझं, पण माल नीट कालवला नाय तर गवंड्याचा हात काय करणार? हे बोलायचे, विमलच्या हातचा माल वेगळा.

मुलगी झाली, मनीषा, मग त्या खोलीत अजिबातच जमेना. तेव्हा आम्ही शीवच्या अंगाला एका टेकडीवर घर घेतलं. टेकडीचं नाव नको, तिथे अजून माणसं राहतात. पत्र्याचं घर, पण आपलं. बाजूला एक घळ होती, म्हणजे टेकडीला पडलेली खोलगट वळी म्हणा, वरपासून खालपर्यंत, आणि तिच्या तळाशी झरा. दिवाळीनंतर पण दोन-तीन महिने वाहायचा. आम्ही सगळ्या बायका तिथे कपडे धुवायचो. शेजारी शेवंतामावशी, नवरा नव्हता तिला, डबे करून द्यायची ऑफिसवाल्यांना, तोंडाने फटकळ पण मनीषाला तिनेच वाढवली म्हणा ना, मी कामाला गेली की. तर आम्ही दोघी त्या झऱ्यावर तासन्‌तास. मग हळूहळू ती घळ भरली. कोणी घर पाडलं, टाक डेब्रिज घळीत. कोणी लादी बदलली, टाक घळीत. पाच-सहा वर्षांत घळ सपाट. झरा दिसायचा बंद झाला, नळ पण आले होते, कोणाला आठवण राहिली नाय. त्या सपाट जागेवर वस्तीतल्या मंडळाने हॉल बांधला. आम्हीच बांधला, ह्यांनी आणि मी. लादी मी घासलेली आहे त्या हॉलची.

भिंत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाली, मनीषा तोवर कॉलेजात जायला लागली होती. आमच्या घरांच्या मागे टेकडीचा उभा कापलेला भाग होता, तिथून पावसात माती यायची, म्हणून सरकारी कामातून तिथे दगडी संरक्षक भिंत मंजूर झाली, आणि कंत्राटदाराने काम दिलं ते ह्यांनाच. घरापासून वीस पावलांवर काम, असं भाग्य गवंड्याला कधी येतं का? जीव ओतला त्यांनी त्या भिंतीत. आणि भिंतीत ठिकठिकाणी पाइपचे तुकडे सोडले, मागचं पाणी बाहेर यायला. आम्ही त्याला भोकं बोलतो. हे बोलायचे, मागे पाणी तुंबलं तर दगडाचा बाप पण पडेल, भिंतीला श्वास पाहिजे.

आता मी जे सांगते ते मी लपवत नाय. कोणालाच लपवलं नाय.

पावसाळा आला की त्या भोकांतून पाणी यायचं, येणारच, त्यासाठीच होती ती. पण ते पडायचं आमच्या गल्लीत. गल्ली केवढी, दोन माणसं आडवी नाय जाणार. ते पाणी थेट घरात. शेवंतामावशीची शेगडी पाण्यात, डब्याची पिठं भिजलेली. ती यायची आणि ह्यांना बोलायची, यशवंता, तू गवंडी ना रे, तुझ्याकडे दोन घमेली सिमेंट नाय? हे बोलायचे, मावशी, भोकं बुजवायची नसतात. दोन पावसाळे त्यांनी कोणाचं ऐकलं नाय. तिसऱ्या वर्षी मीच उठली. एका सकाळी डब्यातलं तांदळाचं पीठ सगळं ओलं, खाली लादी निसरडी, मनीषाला ताप, आणि मी बोलली, तुमच्या भिंतीला श्वास पाहिजे, आणि आम्ही काय पाण्यात राहायचं? घर भिंतीसाठी आहे की भिंत घरासाठी? हे छत्री घेऊन मनीषाचं औषध आणायला गेले. माझ्यापुढे ते जास्त बोलायचे नाय कधी.

पुढच्या मे महिन्यात एका रविवारी बुजवली. माल मी कालवला. चांगला कालवला. एकेका भोकात त्यांनी दगडाची चीप मारली आणि वर माल दाबला, मी खालून घमेलं देत होती. शेवंतामावशीने सगळ्यांना शिरा केला. आणि तो पावसाळा, काय सांगू, गल्ली कोरडी. लोक ह्यांना बोलावून चहा पाजायचे. मी पण मिरवली, खोटं कशाला बोलू. फक्त हे कधी कधी संध्याकाळी भिंतीला हात लावून उभे राहायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस लागला तो सुटेचना. चार दिवस झाले, पाचव्या दिवशी सकाळी हे मला हाक मारून बोलले, विमल, बघ. भिंत वरच्या अंगाला ओली, दगडांच्या सांध्यातून पाणी पाझरतंय, आणि मधोमध किंचित फुगलीय. मला दिसत नव्हतं, पण त्यांना दिसलं, आणि त्यांची नजर मी सांगितलीच तुम्हाला. ते बोलले, ही आज पडणार. मग धावाधाव. भिंतीसमोरची सगळी घरं रिकामी केली. माणसं कुठे ठेवायची, तर हॉलमध्ये. हॉल भिंतीपासून लांब, बांधकाम पक्कं, सगळ्यांनाच ते पटलं. मलाही पटलं. चाळीसएक माणसं होती, पोरं-बाळं, म्हातारी माणसं. राणे मास्तर म्हणून होते, अर्धांगाने पडलेले, त्यांना खाटेसकट आणलं. आणि हे, पहार घेऊन भिंतीपाशी. मी बोलली, पडणार बोलता आणि तिथेच कसले जाता? तर बोलले, भोकं उघडतो, जेवढी उघडतील तेवढी. माझी भिंत आहे.

दुपारचे दोन वाजले असतील. मी आणि शेवंतामावशीने खिचडी केली वरच्या एका घरात आणि पातेलं घेऊन हॉलमध्ये आलो. मी पातेलं खाली ठेवलं आणि पाय सरकला. बघते तर लादी ओली. वर बघितलं, छप्पर कोरडं. दाराकडून आलं म्हणावं तर दार उंचावर. मग खाली वाकून बघितलं, लाद्यांच्या फटींतून पाणी येत होतं, खालून वर, कोऱ्या चहाच्या रंगाचं, आणि बारीक बारीक रेती घेऊन. आणि मला एकदम कळलं, अहो मी कुठे उभी आहे? इथेच तर मी कपडे धूत होती. हा झरा आहे. झरा कुठे गेलाच नव्हता, आम्ही त्याच्या तोंडावर लादी बसवली होती, आणि तिकडे भिंतीत अडलेलं पाणी आडवं चालत चालत इकडे आलं होतं. बाप काय बोलायचा ते त्या वेळी कळलं मला, इतक्या वर्षांनी.

मी ओरडली, उठा, सगळे उठा, इथे थांबू नका. मंडळाची पोरं बोलली, काकी, भिंत तिकडे आहे, घाबरू नका, ताटं घ्या. कोण ऐकतंय? खिचडी गरम, बाहेर धो धो पाऊस. मग शेवंतामावशी खाली बसली, त्या पाण्यात बोटं बुडवली, चोळली, नाकाशी नेली आणि बोलली, हे पावसाचं नाय, हे मातीचं आहे. आणि तिने जे तोंड सोडलं, तुम्हाला सांगते, त्या तोंडाने मला आयुष्यभर जे काय ऐकवलं असेल ते सगळं त्या दिवशी माफ. पोरांना धरून धरून बाहेर काढलं तिने. पायऱ्या उतरून सगळे खाली रस्त्यावरच्या शाळेत गेले. खिचडी तशीच राहिली.

राहिले मास्तर. खाट जड, दाराकडे उचलायला एकच पोरगा, मंडळाचा, तो एकटा काय करणार. मी गल्लीच्या तोंडाशी पळत जाऊन ह्यांना हाक मारली. मीच मारली. अहो, या इकडे, मास्तरांना उचलायचंय. ते पहार टाकून आले, अंगभर चिखल, पाच भोकं उघडली होती त्यांनी, पिचकारीसारखं पाणी येत होतं त्यांतून. आले आणि मला बोलले, तू पायऱ्यांवर जा. त्या पोराने डोक्याकडून धरली, ह्यांनी पायाकडून. पोरगा दाराबाहेर पडला, मास्तर बाहेर आले, आणि मागून आवाज झाला. खडीचा ट्रक रिकामा करतात ना, तसा, फक्त तो थांबतच नव्हता. हॉलची मागची भिंत आत आली, लादी वर उचलली गेली, सगळी घळ, आम्ही भरलेली ती सगळी घळ खाली उतरली. मास्तर खाटेसकट बाहेर फेकले गेले, वाचले. हे दारातच होते. कमरेपर्यंत मातीत.

काढलं त्यांना. वस्तीतल्या माणसांनी हाताने माती उपसली, मग अग्निशमनचे लोक आले. हॉस्पिटलात तीन दिवस होते. डॉक्टरांनी खूप केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीत होते, मनीषा पाणी पाजत होती चमच्याने, तर माझ्याकडे बघून बोलले, भिंत पडली काय गो? मी बोलली, नाय पडली, आणि ते खरंच होतं, उभी होती ती. बोलले, फुगलीय? मी खोटं बोलली, नाय हो, तशीच आहे सरळ, ओळंब्यात. तर असं तोंडावर काय तरी आलं त्यांच्या, समाधान म्हणा, मला दुसरा शब्द येत नाय. बोलले, मग बरं. आणि संध्याकाळी गेले. दुसरा माणूस एक पण गेला नाय त्या दिवशी. एकटे हेच.

महिनाभर मी कुठे बाहेर पडली नाय. लोक यायचे, बसायचे. शेवंतामावशी रोज यायची, डाळ-भात आणायची आणि मी जेवेपर्यंत समोर बसायची. एक दिवस तीच रडायला लागली, बोलली, शिरा मी केला होता ग. मी बोलली, माल मी कालवला होता. दोघी रडलो. तेवढंच.

मग त्या मॅडम आल्या. कॉलेजात शिकवतात, दगडमातीचा अभ्यास. वयाने माझ्या मनीषापेक्षा थोड्या मोठ्या. त्या दरड बघायला आल्या होत्या, फोटो काढत होत्या, आणि कोणी तरी सांगितलं की पाणी आधी विमलकाकीला दिसलं. माझ्याकडे आल्या, खाली बसल्या, आणि पहिलंच काय विचारलं, तर मावशी, पूर्वी इथे पाणी कुठे कुठे निघायचं? असं मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांना घेऊन चढली टेकडीवर. इथे झरा होता, इथे उन्हाळ्यात अळू यायचं आपोआप, इथल्या घराची मागची भिंत बारा महिने ओली, इथलं झाड दोन वर्षांत कललं. त्या कागदावर खुणा करत गेल्या. आणि खाली आल्यावर त्यांनी तो कागद मला दाखवला तर सगळ्या खुणा एका रेषेत होत्या, वरपासून थेट हॉलपर्यंत. त्या बोलल्या, मावशी, टेकडीच्या पोटात पण घळी असतात, वरून नाय दिसत. पाणी आतून तिकडेच गोळा होतं. मातीचे कण एकमेकांना धरून बसलेले असतात, पाणी भरत गेलं की त्यांची पकड सुटते. पाऊस सगळ्या टेकडीवर सारखा पडतो, पण दरड तिथेच येते जिथे आतलं पाणी जमतं.

मी त्यांना सरळ विचारलं. आम्ही भोकं बुजवली म्हणून झालं का? खरं सांगा, मला समजवायला काय बोलू नका. त्यांनी तो कागद परत उघडून बघितला. मग बोलल्या, त्याचा वाटा आहे मावशी. सगळं त्याने झालं नाय, ती घळ भरली तेव्हाच दरड ठरलेली होती, कधी ना कधी येणारच होती, पण भिंतीमागचं पाणी तिकडे वळलं हे खरं आहे. मला बरं वाटलं. तुम्ही बघताय माझ्याकडे, पण खरंच बरं वाटलं. लोक सगळे बोलत होते, नशीब, देवाची मर्जी, तुझं काय चुकलं. त्या एकट्यांनी माझं जेवढं होतं तेवढंच माझ्या पदरात घातलं, कमी नाय, जास्त नाय. तेवढं मी उचलू शकते.

ह्या गोष्टीला आता सात वर्षं होतील. घळीजवळच्या घरांना दुसरीकडे जागा मिळाली. मी मनीषाकडे नायगावला आली, चाळ पाडून तिथे टॉवर झाला ना, जावयाच्या घरच्यांना त्यात जागा आहे, अठराव्या मजल्यावर. खिडकीतून शीवच्या बाजूचं सगळं दिसतं. शेवंतामावशी दोन वर्षांपूर्वी गेली. मास्तर पण गेले, शेवटपर्यंत माझं नाव काढलं की डोळ्यांतून पाणी काढायचे, बोलता येत नव्हतं त्यांना.

आणि मी काय करते, तर दर एप्रिल-मे महिन्यात त्या मॅडमबरोबर टेकड्यांवरच्या वस्त्यांत जाते. मॅडम आणि त्यांचे विद्यार्थी मोजमाप घेतात, मी बायकांशी बोलते. पाणी कोणाच्या घरात येतं हे बाप्यांना नाय माहीत, बायकांनाच माहीत. मी सांगते, भोकात काडी घालून बघा, मोकळं आहे का. पावसात पाणी अचानक गढूळ झालं, म्हणजे आतली माती सुटतेय, किंवा वाहतं भोक एकदम बंद झालं तर खुश होऊ नका, पोरं उचला आणि निघा. दार कालपर्यंत लागत होतं आणि आज लागत नाय, म्हणजे जमीन सरकलीय, तरी निघा. पोरं मला हसतात, भोकं बघणारी आजी आली बोलतात. हसू देत.

ह्या मे महिन्यात एका वस्तीत गेलो, तिथे संगीता म्हणून एक पोरगी, सोलापूरकडची, पाच महिन्यांची पोटुशी. तिच्या घरामागे भिंत, आणि तिने भोकांत प्लॅस्टिकच्या पिशव्या कोंबलेल्या. विद्यार्थी तिला समजवायला लागले तर ती भडकली, बोलली, तुम्ही येऊन राहा ना माझ्या घरात पावसात, मग शिकवा. मी विद्यार्थ्यांना गप्प केलं. तिचं बरोबर होतं. आमच्या वेळी पण कोणाचं चूक नव्हतं हो, पीठ भिजत होतं ते खरंच भिजत होतं. फक्त पाणी बंद करायच्या ऐवजी त्याला दाराच्या बाजूने न्यायची अक्कल आम्हाला झाली नाय. वीतभर रुंद नाली, बस. एक दिवसाचं काम. एवढं सोपं होतं, आणि हे गवंडी, मी बिगारी, दोघांपैकी एकाला सुचू नये?

तर मी तिच्या पिशव्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशी ह्यांची थापी घेऊन गेली. मनीषा बोलली, आई, ह्या वयात? जन्मभर मी माल दिला, थापी कधी धरली नव्हती, बिगारी बाईच्या हातात थापी कोण देतं? पण बघून बघून हाताला माहीत होतं. संगीताचा नवरा घमेली द्यायला, मी नाली बांधायला. ढाळ मात्र दोनदा चुकला, पाणी ओतून बघितलं तर उलटं घराकडे. फोडली, परत बांधली. गुडघे असे धरले की पायऱ्या बसून उतरली.

परवा तिचा फोन आला. पाऊस लागलाय दोन दिवस, मावशी, भोकांतून पाणी येतंय, सगळं नालीतून जातंय, घरात थेंब नाय. मी विचारलं, गढूळ की नितळ? ती बोलली, थांबा, बघते. गेली ती. मी फोन कानाला लावून उभी, तिकडून पावसाचा आवाज, पोरांचा गलका, कोणाचा तरी टीव्ही. बऱ्याच वेळाने आली आणि बोलली, नितळ आहे मावशी, वाटीत धरून बघितलं. मी बोलली, बरं झालं बाय, जप, जड काय उचलू नको, आणि उद्या परत बघ.